उत्तराचे नवेपण : शालेय सांघिक स्पर्धांतील एक अर्थविचारात्मक प्रश्न

शाळकरी मुलांच्या स्पर्धा म्हटल्या म्हणजे वक्तृत्व, निबंध, पाठांतर व सामान्यज्ञान ह्यांचीच आठवण आपणास प्रथम होते. पाठांतर व सामान्यज्ञान ह्यांत उत्तर आधीच निश्चित असते. वक्तृत्व व निबंध ह्यांत ते निश्चित नसले तरी चांगल्या उत्तराचा एक नमुना परीक्षकाच्या मनात बहुधा तयार असतो. ह्याहून निराळ्या जातीच्या काही स्पर्धा अमेरिकेत १९७० नंतर सुरू झाल्या व पुढे इतर देशांत पसरल्या. त्यांत मुलांच्या एका लहान संघापुढे समस्या ठेवली जाते, तिची अनेक उत्तरे संभवतात हे सर्वांनी गृहीत धरलेले असते, आणि उत्तराचे नवेपण हा गुणदानाचा एक उघड निकष असतो. ह्या स्पर्धांचे शैक्षणिक मूल्य काय, हा विषय शिक्षणशास्त्रज्ञांचा आहे व तो त्यांच्याकडेच ठेवणे इष्ट. प्रस्तुत टिपणाचा हेतू मर्यादित आहे. एखादे उत्तर ‘नवे’ आहे असे परीक्षक म्हणतो, तेव्हा तो नेमका कशाचा निर्णय देत असतो? तोंडी उत्तरांच्या बाबतीत तरी हा निर्णय बव्हंशी शब्दार्थाविषयीचा असतो, आणि म्हणून तो भाषेभाषेप्रमाणे बदलल्यावाचून राहत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली म्हणजे पुरे. जे. पी. गिलफर्ड ह्यांनी १९५० साली अमेरिकन मानसशास्त्रीय परिषदेच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाची उपेक्षा झाल्याचे निदर्शनास आणले, आणि पुढे एका उत्तराकडे जाणारा अभिसारी विचार व अनेक उत्तरांकडे फाकणारा अपसारी विचार असा भेद रूढ केला. अ‍ॅलेक्स ऑस्बर्न हे जाहिरात-व्यवसायातील गृहस्थ. त्यांच्या १९५३ च्या ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ ह्या ग्रंथामुळे सामूहिक विचारमंथनाचे तंत्र लोकप्रिय झाले. ई. पॉल टॉरन्स ह्यांनी १९६६ साली सर्जनशील विचाराच्या कसोट्या प्रसिद्ध केल्या आणि १९७४ मध्ये जॉर्जिया विद्यापीठात ‘फ्यूचर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग’ ह्या स्पर्धेचा आरंभ केला. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, न्यू जर्सी राज्यातील ग्लासबरो स्टेट कॉलेजात (आजचे रोवन विद्यापीठ) औद्योगिक अभिकल्पाचे प्राध्यापक सॅम मिक्लस ह्यांनी थिओडोर गुर्ली ह्यांच्या साहाय्याने दुसरी स्पर्धा सुरू केली. त्या राज्यातील २८ शाळा पहिल्या वर्षी तीत उतरल्या. तिचे आरंभीचे नाव ‘ऑलिंपिक्स ऑफ द माइंड’ असे होते. ‘ऑलिंपिक’ हा शब्द अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तेथील ऑलिंपिक समितीच्या स्वाधीन झालेला असल्यामुळे पुढे ते सोडून ‘ओडिसी ऑफ द माइंड’ हे नाव घ्यावे लागले. कल्पकतेची स्पर्धा भरवणाऱ्यांना आपल्या नावासाठीच पर्यायी शब्द शोधावा लागला, ही गोष्ट शब्दांच्या अभ्यासकाला गंमतीची वाटेल. १९९९ मध्ये ह्याच परंपरेतून ‘डेस्टिनेशन इमॅजिनेशन’ ही स्वतंत्र शाखा फुटली.

‘ओडिसी’च्या रचनेकडे आता वळू. संघात जास्तीत जास्त ७ मुले असतात. एक दीर्घ समस्या त्यांना काही महिने आधी दिली जाते : वाहन तयार करणे, यंत्रसाधन बनवणे, एखाद्या अभिजात कृतीवर किंवा कथेवर आधारलेले नाट्य रचणे, अथवा बाल्सा लाकूड व गोंद ह्यांपासून अवघ्या काही ग्रॅम वजनाचा सांगाडा उभारून त्यावर शेकडो पौंडांचा भार तोलून दाखवणे. सादरीकरणाला ८ मिनिटे मिळतात. साहित्याच्या खर्चाला मर्यादा असते, ती सामान्यतः शे-दीडशे डॉलरांच्या आसपास. दीर्घ समस्येस २०० गुण, सादरीकरणाच्या शैलीस ५० आणि ऐन वेळी दिल्या जाणाऱ्या तात्काल समस्येस १०० अशी वाटणी आहे. प्रत्येक भागात जो संघ सर्वांत वर येईल त्याला त्या भागाचे पूर्ण गुण देऊन इतरांचे गुण त्या प्रमाणात काढतात. म्हणजे कोणत्याही आदर्शाशी तुलना न करता संघांची तुलना परस्परांशीच केली जाते.

ह्याखेरीज गुणांच्या बेरजेशी संबंध नसलेला एक पुरस्कार आहे. त्याचे नाव ‘रानात्रा फुस्का’. हे पाण्यात राहणाऱ्या एका काटकुळ्या कीटकाचे शास्त्रीय नाव होय. मिक्लस ह्यांच्या वर्गात पाण्यावरून जाण्याचे साधन विद्यार्थ्यांनी तयार करावयाचे होते. त्यांतील एक ह्या कीटकाच्या धर्तीचे होते, ते काही तडीस गेले नाही, परंतु त्यामागील कल्पना सर्वांत धाडसी होती, अशी त्या नावाची कथा सांगतात. फसलेल्या कल्पनेच्या नावाने पुरस्कार ठेवणारी शालेय स्पर्धा विरळाच म्हणावयाची.

स्पर्धेतील सर्वांत कडक नियम बाह्य साहाय्यासंबंधीचा आहे. समस्येचे उत्तर कल्पनेपासून अखेरच्या खिळ्यापर्यंत संघातील मुलांचेच असले पाहिजे. करवत कशी धरावी हे प्रौढ मार्गदर्शक शिकवू शकतो. काय कापावे हे सांगू शकत नाही. आईने मुलीचा रंगमंचावरील चेहरा रंगवला, तरी ते बाह्य साहाय्य ठरून गुण कापले जातात. मार्गदर्शकाला प्रश्न विचारण्याची मोकळीक असते, मात्र उत्तराकडे नेणारा प्रश्न त्याने विचारू नये अशी अपेक्षा आहे. येथे भाषाव्यवहाराच्या अभ्यासकाला थांबावेसे वाटते. ‘हे का कोसळते आहे असे तुम्हांस वाटते?’ आणि ‘ह्याला खालून आडवी पट्टी दिली तर?’ ही दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या प्रश्नार्थक होत. पहिल्यात केवळ कोसळण्याची वस्तुस्थिती गृहीत आहे. दुसऱ्यात उत्तर पूर्णपणे देऊन टाकलेले आहे, फक्त त्याला प्रश्नाचा वेष चढवला आहे. वाक्याचे रूप आणि त्याचे कार्य ह्यांत अंतर असते, हे आपण वर्गात उदाहरणे बनवून शिकवतो. ह्या स्पर्धांत त्या अंतरावर मुलांचे गुण अवलंबून असतात.

परंतु आपल्या दृष्टीने खरा विचारार्ह भाग तात्काल समस्येचा. मार्गदर्शकाला बाहेर ठेवून संघ एका खोलीत जातो. समस्या कृतीची असेल, शब्दांची असेल की दोहोंची, हे त्याला आत जाईपर्यंत ठाऊक नसते. बाहेर आल्यावरही तिच्याविषयी कोणापाशी बोलावयाचे नसते. शाब्दिक समस्येची जुनी, प्रचलित रीत अशी : विचारासाठी १ मिनिट, उत्तरांसाठी २ मिनिटे, मुलांनी ठरलेल्या क्रमाने एकेक उत्तर द्यावयाचे, कोणी आपली पाळी सोडावयाची नाही. एक अडला की सगळा संघ अडला. सामान्य उत्तरास १ गुण, कल्पक उत्तरास ३ किंवा ५. उत्तर कळले नाही तर परीक्षक ते पुन्हा सांगण्यास, स्पष्ट करण्यास किंवा अधिक योग्य उत्तर देण्यास सांगतात, आणि त्यात जाणारा वेळ संघाच्याच वेळातून जातो. आपल्याकडील समस्यापूर्तीतही अट सभेत जाहीर होत असे व पूर्तीची पारख तेथल्या तेथे होत असे. मात्र समस्यापूर्ती हा तयार कवींचा खेळ होता आणि एकट्याचा होता.

समजा, ‘डोळा असलेल्या गोष्टी सांगा’ अशी समस्या आहे. इंग्रजी बोलणारे मूल ‘माणूस’, ‘मासा’, ‘मांजर’ म्हणेल. ही उत्तरे शब्दाच्या मुख्यार्थातच आहेत व ती सामान्य ठरणार ह्यात शंका नाही. नंतर ते ‘सुई’, ‘बटाटा’, ‘वादळ’ म्हणेल. ऐकणारास ही उत्तरे चमकदार वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः इंग्रजीत सुईच्या भोकाला, बटाट्याच्या कोंबाच्या जागेला आणि चक्रीवादळाच्या शांत मध्यभागाला ‘डोळा’ म्हणणे ही भाषेचीच जुनी देणगी आहे. मुलाने काही निर्माण केलेले नाही. कोशातील तिसऱ्या-चौथ्या अर्थाची त्याला वेळेवर आठवण झाली, इतकेच. स्मरणाची चपळाई म्हणून तिचे कौतुक अवश्य करावे, पण तो गुण निराळा.

आता हीच समस्या मराठीत घालून पाहावी. मराठीत सुईला नेढे असते, बोलण्यात तिचे नाकही म्हणतात. तेव्हा एखादी मराठी मुलगी ‘सुई’ म्हणाली आणि विचारल्यावर ‘दोरा जिथून पलीकडचे बघतो तो तिचा डोळा’ असे तिने सांगितले, तर ती रूढीच्या बाहेर पडली असे म्हणावे लागेल. इंग्रजीतील गुळगुळीत उत्तर मराठीत ताजे ठरते. उलट उसाला डोळे असतात हे शेतकऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही. लागणीसाठी एक डोळ्याची टिपरी घ्यावी की दोन डोळ्यांची, ही तेथली रोजची भाषा आहे. नारळाचे तीन डोळे कोकणातल्या पोराला ठाऊक असतात. ‘वादळाचा डोळा’ हा प्रयोग आपल्या वृत्तपत्रांतून आला आहे व तो इंग्रजीवरून केलेला आहे, तेव्हा ते उत्तर देणारे मूल कल्पक आहे की वृत्तपत्र वाचणारे आहे, हे परीक्षकाने कसे ओळखावे? ‘ऊस’ हे उत्तर कोल्हापुरात १ गुणाचे आणि मुंबईत ५ गुणांचे होऊ शकते, आणि दोन्ही ठिकाणी परीक्षक आपापल्या परीने प्रामाणिक असू शकतो. भाषा एकच असूनही बोली, व्यवसाय आणि प्रदेश ह्यांनुसार रूढीची सीमा सरकते.

क्रियापदांत हा प्रकार अधिकच सूक्ष्म होतो. ‘उघडणाऱ्या गोष्टी’ म्हटल्यावर दार, पेटी व छत्री ही उत्तरे येतील. पण मराठीत पाऊसही उघडतो, आणि तो उघडला म्हणजे थांबतो. हे उत्तर देणाऱ्या मुलास परभाषी परीक्षक चकित होऊन पूर्ण गुण देईल. मराठी परीक्षकाला त्यात विशेष काही वाटणार नाही, किंवा कदाचित ह्या संदर्भात ते सुचले म्हणूनच विशेष वाटेल.

ह्या भेदासाठी आपल्या परंपरेत परिभाषा तयार आहे. मम्मटादी आलंकारिकांनी लक्षणेची दोन मूळे सांगितली : रूढी आणि प्रयोजन. ‘कुशल’ शब्द उच्चारताना कुश नावाचे गवत तोडणारा कोणाच्याही मनात येत नाही. ती लक्षणा रूढीत विरून गेली आहे. प्रयोजनमूलक लक्षणेत मात्र बोलणारा मुख्यार्थ मुद्दाम ओलांडतो, आणि ऐकणारालाही तो ओलांडल्याची जाणीव होते. स्पर्धेतील उत्तरांची प्रतवारी ह्या दृष्टीने केली तर तीन थर दिसतात : मुख्यार्थातील उत्तर, रूढ लक्षणेतील उत्तर आणि प्रयोजनमूलक लक्षणेतील उत्तर. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत थर दोनच आहेत. मधल्या थराला वर ढकलावयाचे की खाली, हे परीक्षकाच्या कानावर सोपवलेले आहे.

त्यातच वेळेचा नियम मधल्या थराच्या बाजूने काम करतो. खरोखर ताज्या लक्षणेला संदर्भाचा आधार लागतो. तो नसला तर ‘स्पष्ट कर’ असे परीक्षक म्हणणार, आणि स्पष्टीकरणात दहा सेकंद गेली म्हणजे दोन मिनिटांतील दोन-तीन उत्तरांची जागा गेली. श्लेषावर आधारलेले रूढ उत्तर मात्र तत्क्षणी कळते व हसूही आणते. अशा स्थितीत हुशार संघ कोणत्या उत्तरांचा सराव करील हे सांगावयास नको. नवेपणाला उत्तेजन देण्यासाठी केलेली रचना जागच्या जागी ओळखू येणाऱ्या नवेपणाला उत्तेजन देते, हा माझ्या मते ह्या स्पर्धेतील सर्वांत गंभीर दोष आहे. आणि तो कोणाच्या हेतूतला नसून घड्याळातला आहे.

टॉरन्स ह्यांच्या कसोट्यांत ही अडचण निराळ्या मार्गाने सोडवलेली आहे. तेथे मौलिकता म्हणजे सांख्यिकीय विरळपणा. पुष्कळ मुलांची उत्तरे आधी गोळा करून कोणते उत्तर किती वेळा येते ह्याची सारणी बनवावयाची व विरळ उत्तरास गुण द्यावयाचा. ह्यात परीक्षकाच्या आवडीनिवडीला वाव कमी राहतो. परंतु सारणी ज्या समाजातून काढली त्याच समाजापुरती ती खरी. शिवाय विरळ उत्तर अप्रस्तुतही असू शकते. ‘अधिक योग्य उत्तर द्या’ असे म्हणण्याचा अधिकार ‘ओडिसी’च्या परीक्षकाला आहे, तो ह्यासाठीच.

टॉरन्स ह्यांनी सुरू केलेल्या सांघिक स्पर्धेत भाषेवरील बंधने तर उघड व्याकरणाचीच आहेत. चार मुलांच्या संघाला भविष्यकाळातील एका परिस्थितीचे वर्णन देतात आणि दोन तासांत सहा टप्प्यांचे लेखन करावयास सांगतात. प्रथम त्या परिस्थितीतून उद्भवू शकणाऱ्या १६ अडचणी लिहावयाच्या, त्यांतून एक मूळ समस्या निवडून मांडावयाची, तिच्यावर १६ उपाय सुचवावयाचे, ५ निकष ठरवून उपाय तोलावयाचे आणि शेवटी कृतीची योजना लिहावयाची. ह्यांत अडचणी संभावनार्थक क्रियारूपात लिहिल्या पाहिजेत आणि उपाय निश्चयार्थक भविष्यरूपात. मूळ समस्येच्या वाक्यात मुख्य क्रियापद एकच हवे; दोन घातली तर दोन समस्या झाल्या असे मानतात. ‘नाहीसे करणे’, ‘थांबवणे’ अशी टोकाची क्रियापदे टाळावीत, ‘कमी करणे’, ‘सुधारणे’ अशी मोजता येण्याजोगी घ्यावीत, असाही संकेत आहे. विचाराला शिस्त लावण्यासाठी क्रियापदाला हात घालण्याची ही युक्ती मला फार मार्मिक वाटते.

हे नियम मराठीत आणू गेल्यास काय होते, ते पाहण्याजोगे आहे. इंग्रजीत संभावना व निश्चय ह्यांसाठी दोन स्वतंत्र साहाय्यक क्रियापदे आहेत. मराठीत ‘पाणी आटेल’ ह्या एकाच रूपात निश्चयही असतो व अंदाजही, आणि ‘तो आता घरी पोचला असेल’ ह्यात तर भविष्यकाळ मुळीच नाही, केवळ तर्क आहे. विध्यर्थाचीही तीच गत : ‘त्याने जावे’ ह्यात कर्तव्य, ‘तो घरी असावा’ ह्यात तर्क, ‘पाऊस पडावा’ ह्यात इच्छा. म्हणून अडचणींसाठी ‘आटू शकेल’ आणि उपायांसाठी ‘बांधील’, ‘बसवील’ अशी विभागणी नियमानेच करून द्यावी लागेल. दुसऱ्या बाजूने मराठीपाशी एक सोय आहे जी इंग्रजीत वेगळी शिकवावी लागते. समस्या मांडताना ‘अनेक मार्ग आहेत’ हे प्रश्नाच्या शब्दांतूनच सुचावे, म्हणून त्या स्पर्धेत प्रश्नाचा आरंभ ठरावीक शब्दांनी करतात. मराठीत ‘कोणत्या उपायाने’ ह्याऐवजी ‘कोणकोणत्या उपायांनी’ म्हटले की काम झाले. द्विरुक्त सर्वनाम उत्तरांचे अनेकत्व आधीच गृहीत धरते. आपले शिक्षक वर्गात हे रूप किती वेळा वापरतात, ह्याची पाहणी एखाद्या विद्यार्थ्याने करावी.

संघाने उत्तर शोधण्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण समूहात कल्पना अधिक सुचतात हा समज सर्वत्र आहे. येल विद्यापीठात टेलर, बेरी व ब्लॉक ह्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकत्र बसून विचारमंथन करणाऱ्या चौघांपेक्षा स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची, पुनरुक्ती वगळून केलेली, बेरीज अधिक भरली. डील व श्ट्रोबे ह्यांनी १९८७ मध्ये त्याचे प्रमुख कारण दाखवले : एक बोलत असता इतरांना थांबावे लागते व थांबताना त्यांची कल्पना निसटते. म्हणजे अडथळा बोलण्याच्या पाळीचा आहे. पाळी सक्तीची करणारी ‘ओडिसी’ची शाब्दिक समस्या हा अडथळा नियमातच बसवते, टॉरन्स ह्यांच्या स्पर्धेत उत्तरे लेखी असल्याने चौघांना एकाच वेळी लिहिता येते. अर्थात कल्पनांची संख्या हेच संघाचे एकमेव फळ नव्हे. दीर्घ समस्येवर काही महिने एकत्र काम करणाऱ्या मुलांत वाद, वाटाघाट, नकार पचवणे हे सारे घडते, आणि त्याचे मापन वरील प्रयोगांत झालेले नाही.

आपल्या विद्याशाखेशी निगडित अशी आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र ऑलिंपियाड ह्या सर्वांहून भिन्न आहे. मॉस्कोत १९६५ साली सुरू झालेल्या शालेय स्पर्धेपासून तिची परंपरा येते. आंतरराष्ट्रीय स्वरूपात ती प्रथम २००३ मध्ये बल्गेरियातील बोरोव्हेत्स येथे भरली आणि २०१६ मध्ये म्हैसूर येथे. तिच्या सांघिक फेरीत चार मुले एका मोठ्या कोड्यावर काम करतात. तेथे उत्तर दिलेल्या सामग्रीत दडलेले व बहुधा एकच असते, गुण नवेपणाला नसून उकलीला मिळतात. म्हणूनच तिची कोडी अनेक भाषांत भाषांतरित करून देता येतात : कोड्याचा गाभा मुलांना अपरिचित अशा तिसऱ्याच भाषेत असतो, सूचना कोणत्या भाषेत दिल्या ह्याने तो बदलत नाही. ‘डोळा असलेल्या गोष्टी’ ह्या समस्येचे भाषांतर मात्र होऊच शकत नाही. शब्द भाषांतरित होतो, त्याच्या रूढ अर्थांचा पसारा मागे राहतो.

मराठी माध्यमाच्या शाळांसाठी अशा शाब्दिक समस्या कोणी करू इच्छीत असेल, तर इंग्रजी संग्रहांचे भाषांतर हा मार्ग बंद समजावा. समस्या मराठी शब्दांच्या अर्थविस्तारातूनच घडवल्या पाहिजेत, आणि गुण देण्यापूर्वी रूढीची सीमा कोठे आहे हे ठाऊक असले पाहिजे. ते काम आमच्यासारख्या विभागांचे आहे व त्याला फारशा सामग्रीची गरज नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उसाच्या पट्ट्यातील, किनाऱ्यावरील, विदर्भातील व मोठ्या शहरांतील काही शाळांत एकच शब्द देऊन लेखी उत्तरे जमवावीत, प्रत्येक उत्तरासोबत ‘हे तुला कसे सुचले’ हेही एका ओळीत लिहून घ्यावे, आणि प्रदेशवार वारंवारता काढावी. त्या एका ओळीवरूनच रूढ लक्षणा व ताजी लक्षणा निराळ्या करता येतील. आरंभासाठी ‘डोळा’, ‘पाय’, ‘तोंड’, ‘पाणी’ ही चार नामे व ‘उघडणे’ हे एक क्रियापद एवढे पुरेसे आहे.